सायलेन्सरवर चिकटलेलें प्लास्टिक

पावसाळा सुरू झाला कीं शहरांतील दुचाकी वाहनांच्या मालकांवर एक लहानसें संकट हटकून येतें. माळ्यावरचा रेनकोट खालीं येतो, घाईघाईनें अंगांत चढतो, आणि कचेरींत पोंचेपर्यंत त्याचा एखादा सोगा मोटारसायकलीच्या तापलेल्या नळीला चिकटून वितळलेला असतो. इंजिनांतील जळका वायु जिच्यांतून बाहेर पडतो आणि जिला आपण सर्व सायलेन्सर म्हणतों, ती ही नळी. कधीं रेनकोटाऐवजीं हँडलला अडकविलेली भाजीची पिशवी असते, कधीं बुटाचा तळवा असतो, तर कधीं गाडी निवण्यापूर्वींच तिच्यावर घातलेलें आच्छादन असतें. परिणाम एकच. चकचकीत नळीवर एक काळसर, चिवट डाग बसतो, आणि गाडी सुरू केली कीं त्याच्या करपट वासानें शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात.

यापुढें जें घडतें तें डागापेक्षांहि वाईट असतें. घरांतील कोणी सुरी घेऊन धांवतो, कोणी भांडीं घासण्याची तारेची घासणी आणतो, तर कोणी पेट्रोलांत बुडविलेला बोळा. अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर प्लास्टिक पुष्कळसें निघतें. पण त्याच्याबरोबर नळीचें तेजहि निघून जातें. माझा एक जुना विद्यार्थी आज मोटारसायकली दुरुस्त करण्याचा धंदा करतो. तो मला म्हणाला, "सर, प्लास्टिक चिकटून बिघडलेल्या नळ्या माझ्याकडे थोड्या येतात, प्लास्टिक काढतांना बिघडविलेल्याच जास्त येतात." आजच्या भाषणाचा विषय मला त्याच्या या वाक्यानें दिला.

जें सांगावयाचें आहे त्याचें सार आधींच सांगून टाकतों. जें उष्णतेनें चिकटलें तें उष्णतेनेंच सोडवावें. आणि त्याला लावावयाचें साधन मऊ झालेल्या प्लास्टिकापेक्षां कठीण, परंतु नळीच्या मुलाम्यापेक्षां मऊ असावें. एवढे दोन नियम ज्यानें पाळले, त्याला सुरीहि नको आणि पेट्रोलहि नको.

हें असें कां, तें समजण्यासाठीं प्रथम प्लास्टिकाचा स्वभाव पाहूं. प्लास्टिक हें एका पदार्थाचें नांव नसून एका विस्तीर्ण कुळाचें नांव आहे, आणि त्या कुळाच्या दोन शाखा आहेत. आपल्या स्वयंपाकघरांतील तूप थंडींत थिजतें व शेगडीजवळ ठेवतांच पुन्हां पातळ होतें. हा फेरा कितीहि वेळां होऊं शकतो. उलट, भट्टींत भाजलेली वीट कितीहि भिजविली तरी तिचा पुन्हां चिखल होत नाहीं. प्लास्टिकांतहि असाच भेद आहे. लिओ बेकलँड या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंत १९०७ सालीं शोधून काढलेलें बेकेलाइट हें विटेच्या जातीचें. जुन्या रेडिओंच्या पेट्या आणि विजेचीं काळीं बटणें त्याचीं असत. तीं फार तापलीं तर करपतात, पण वितळत नाहींत. आपल्या नळीवर येऊन बसणारीं बहुतेक प्लास्टिकें मात्र तुपाच्या जातीचीं असतात. त्यांच्यांतील रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या उष्णतेनें सैल होतात, पातळ झालेला पदार्थ धातूवरील सूक्ष्म खांचाखळग्यांत शिरतो, आणि निवल्यावर तेथेंच घट्ट होऊन बसतो. थंड स्थितींत त्याला उपटूं लागलें तर तो त्या खांचांना धरून बसतो. पण पुन्हां तितकीच ऊब दिली कीं आपण होऊन पकड सोडतो.

तूप कोणत्या उष्णतेला पातळ होतें हें गृहिणींना सांगावें लागत नाहीं. पण प्लास्टिकाच्या प्रत्येक जातीचा अंश निराळा आहे. पातळ पिशवीचें पॉलिथिन घ्या. इंग्लंडांत विनिंग्टन येथील प्रयोगशाळेंत १९३३ सालीं फॉसेट व गिब्सन हे दोघे शास्त्रज्ञ वायूंवर प्रचंड दाबाचे प्रयोग करीत असतां हा पदार्थ त्यांच्या हातीं अकल्पितपणें लागला. तो सुमारें १०५ ते १३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतो. बाजारांत कापडासारख्या दिसणाऱ्या ज्या पिशव्या मिळतात, त्यांतील पुष्कळशा कापडाच्या नसून पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्या सुमारें १६० अंशांना वितळतात. म्हणून "ही तर कापडी पिशवी" असें समजून ती नळीजवळ लोंबकळत ठेवणाऱ्याची फसगत होते. रेनकोटाचें कापड बहुधा नायलॉनचें किंवा पॉलिएस्टरचें. वॉलेस कॅरोथर्स यानें अमेरिकेंत १९३५ सालीं नायलॉन तयार केलें. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना वितळण्यास २२० ते २६० अंश लागतात, आणि पॉलिएस्टरला सुमारें अडीचशें.

या कुळांतील एका सभासदाविषयीं स्वतंत्र सूचना दिली पाहिजे. पुष्कळ स्वस्त रेनकोटांवर जो गुळगुळीत रबरासारखा थर असतो तो पीव्हीसी या नांवाच्या प्लास्टिकाचा असतो. त्याच्या घटनेंत क्लोरिन आहे. तें फार तापलें कीं नुसतें वितळत नाहीं, तर विघटन पावून हायड्रोजन क्लोराइड हा तिखट वायु सोडतें. आणि या वायूची पाण्याशीं गांठ पडली कीं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतें. शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्यानें ही बाटली हाताळली आहे त्याला हें आम्ल धातूचें काय करतें तें सांगावयास नको. नळीवरील क्रोमियमचा मुलामा नायट्रिक आम्लाला दाद देत नाहीं, पण हायड्रोक्लोरिक आम्लांत तो विरघळतो. पावसाळी हवेंत असा डाग महिनोन् महिने तसाच राहूं दिला तर तो वरून कुरूप दिसतो एवढेंच नव्हे, तर खालून धातु खात राहण्याचा संभव असतो. यासाठीं डाग लौकर काढावा, मात्र घाईनें काढूं नये. लौकर आणि घाई यांतील अंतर पुष्कळ घरांत लक्षांत येत नाहीं.

आतां दुसरा पक्ष, म्हणजे नळी. इंजिनांतून निघणारा वायु कित्येक शें अंश तापलेला असतो. इंजिनाच्या तोंडाशीं नळी सर्वांत अधिक तापते आणि शेपटाकडे उष्णता कमी होत जाते. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत विषारी वायु निरुपद्रवी करणारें जें साधन नळींत बसविलेलें असतें, तेंहि चांगलें तापल्याखेरीज आपलें काम करीत नाहीं. तेव्हां नळी तापते हा तिचा दोष नव्हे. तो तिचा धर्म आहे.

दिसण्यावरून नळ्यांचे तीन प्रकार करतां येतात. आरशासारखी चकाकणारी ती क्रोमचा मुलामा दिलेली. रुपेरी पण किंचित् मंद, आणि तापून तापून सोनेरी-निळसर छटा आलेली ती बहुधा स्टेनलेस पोलादाची. आणि मंद काळी ती उष्णता सहन करणारा रंग दिलेली. क्रोमियम हा धातु अत्यंत कठीण आहे. फ्रीडरिख मोस या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं काठिण्याच्या दहा पायऱ्या ठरविल्या. शंखजिऱ्याची पायरी पहिली व हिऱ्याची दहावी. या मापानें आपलें नख अडीचांच्या आसपास, तांबें तीन, सुरीचें पोलाद साडेपांच, आणि क्रोमियम साडेआठाच्या आसपास येतें. मग सुरीनें क्रोम बिघडतो कसा, असा प्रश्न चाणाक्ष श्रोत्याच्या मनांत येईल. त्याचें उत्तर जाडींत आहे. शोभेसाठीं दिलेला हा क्रोमचा थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. त्याच्या खालीं निकेलचा थोडा जाड थर आणि त्याच्या खालीं साधें पोलाद. साईवर चमच्याचें टोंक दाबावें तसें सुरीचें टोंक दाबलें कीं वरची कठीण पापडी खालच्या मऊ थरासह दबते आणि तडकते. त्या तडेंतून पाणी आंत जातें, आणि एका पावसाळ्यानंतर तेथें तांबूस ठिपके उमटूं लागतात. हा गंज मग कोणत्याहि पॉलिशानें जात नाहीं. नळी पुन्हां मुलाम्याला द्यावी लागते किंवा बदलावी लागते. सँडपेपर तर सुरीहूनहि घातक. कारण त्यावरील कण नवव्या पायरीच्या आसपासचे, म्हणजे क्रोमहूनहि कठीण असतात. भांडीं घासण्याच्या हिरव्या चौकोनी घासणींतहि असेच कण बसविलेले असतात, हें लक्षांत ठेवावें.

आतां प्रत्यक्ष कृति. गाडी उघड्या जागीं, सपाट जमिनीवर, मधल्या स्टँडवर उभी करावी. उघड्या जागीं हे शब्द मी मुद्दाम उच्चारले. बंद गाळ्यांत किंवा इमारतीखालच्या कोंडलेल्या वाहनतळांत इंजिन चालू ठेवणें प्राणघातक आहे. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला सावध होण्याची सवडहि देत नाहीं. प्रथम थंड नळी साबणाच्या पाण्यानें धुऊन, चिखल व वाळू काढून, पुसून घ्यावी. प्लास्टिकाचा गोळा जाड असेल तर थंडींतच त्याचा सुटा भाग हातानें मोडून टाकावा. नंतर इंजिन सुरू करून पांच-सात मिनिटें चालूं द्यावें.

नळी किती तापली हें पाहण्यासाठीं उष्णतामापक विकत आणण्याचें कारण नाहीं. घरोघरीं तव्याची जी परीक्षा होते तीच येथें करावी. काडीच्या टोंकानें पाण्याचा एक थेंब डागाशेजारीं नळीवर सोडावा. थेंब नुसता पसरून राहिला तर नळी शंभर अंशांच्या खालीं आहे. चर्र असा आवाज करून तो उकळून गेला तर शंभराच्या वर आहे, आणि पिशवीचें प्लास्टिक मऊ होण्याची वेळ आली आहे. थेंब उकळण्याऐवजीं मोत्यासारखा गोल होऊन टुणटुण उड्या मारूं लागला तर नळी याहूनहि पुष्कळ तापली आहे. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं या नाचऱ्या थेंबाचें वर्णन केलें, म्हणून त्याचें नांव या चमत्काराला पडलें आहे. थेंबाच्या खालीं वाफेची गादी तयार होते आणि तो धातूला स्पर्शच करीत नाहीं. रेनकोटाच्या नायलॉनला मऊ करावयाचें तर या दुसऱ्या अवस्थेपर्यंत थांबावें लागतें. मात्र थेंब तो थेंबच. तापलेल्या नळीवर तांब्याभर पाणी ओतणें म्हणजे वाफेनें हात पोळून घेणें आणि धातूला अकारण धक्का देणें.

प्लास्टिक मऊ दिसूं लागतांच इंजिन बंद करावें, आणि मगच हात पुढें करावा. हातांत चामड्याचे किंवा जाड सुती मोजे असावेत. नायलॉनचे मोजे येथें उपयोगाचे नाहींत, कारण ते स्वतःच वितळून कातडीला चिकटतील. अंगावरचे कपडेहि याच कारणासाठीं सुती असावेत. साधन म्हणून बांबूची कामटी, आइस्क्रीमची लांकडी काडी किंवा जुनें लांकडी उलथणें पुरे. लांकूड नळीला ओरखडा काढीत नाहीं व उष्णतेनें वितळत नाहीं. काडीची चपटी कड डागाच्या कांठाखालीं सरकवावी आणि नळीच्या लांबीच्या दिशेनें हलके ढकलावी. शिळ्या भातावरची साय जशी गोळा होत येते... नव्हे, दुधावरची साय जशी पळीनें गोळा होत येते, तसें प्लास्टिक काडीपुढें गोळा होतें. काडीवर सांचलेलें प्लास्टिक चिंधीनें पुसून टाकावें, नाहीं तर तेंच पुन्हां नळीला लागतें. मिनिटाभरांत नळी निवूं लागते व प्लास्टिक चिवट होतें. अशा वेळीं जोर न लावतां पुन्हां इंजिन सुरू करावें. तीन-चार फेऱ्यांत बहुतेक डाग निघतो. शेवटीं जाड सुती कापडाची घडी तापलेल्या जागेवरून फिरविली कीं उरलेला पातळ थर तिला लागून येतो.

डाग नळीच्या शेपटाकडे असेल तर उभ्या गाडीचें इंजिन चालवून तेथें पुरेशी ऊब पोंचत नाहीं. दोन-तीन किलोमीटरांची एक फेरी मारून यावी, किंवा दुरुस्तीच्या दुकानांतील गरम हवेच्या यंत्राचें साह्य घ्यावें. जळता दिवा किंवा गॅसची ज्योत मात्र नळीवर धरूं नये. अतिरेकी उष्णतेनें प्लास्टिक वितळण्याऐवजीं जळतें, त्याचा कोळसा होतो, आणि तुपाच्या जातीचा जो पदार्थ होता तो विटेच्या जातीचा होऊन बसतो. शिवाय क्रोमवर निळे डाग पडतात ते निराळेच.

इतकें करूनहि कोळशाची एक काळी छाया मागें राहते. ती काढतांना पहिला नियम संपतो आणि दुसरा सुरू होतो. क्रोमच्या नळीसाठीं पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून, साबणाच्या पाण्यांत बुडवून, थंड नळीवर हलक्या हातानें घासावा. ॲल्युमिनियम क्रोमहून पुष्कळ मऊ आहे, म्हणून झिजतें तें ॲल्युमिनियम. बारीक पितळी तारेची घासणीहि याच न्यायानें चालते. नंतर क्रोमचें पॉलिश लावून सुती फडक्यानें पुसावें. स्टेनलेस पोलादावर साध्या लोखंडी तारेची घासणी वापरूं नये. तिचे सूक्ष्म कण पृष्ठभागांत अडकून राहतात आणि पुढें तेच गंजतात. तेथें पॉलिश लावलेलें फडकें धातूच्या मूळच्या रेघांच्या दिशेनेंच फिरवावें. काळ्या रंगाच्या नळीवर मात्र घासण्याचा मोहच टाळावा. तेथें ऊब, लांकूड आणि कापड यांनीं जेवढें निघेल तेवढें काढावें व राहिलेल्या किंचित् छायेचा स्वीकार करावा. रंग गेला तर खालचें पोलाद उघडें पडतें, आणि डागापेक्षां गंज महाग असतो.

आतां द्रवांविषयीं दोन शब्द. नखांचा रंग काढण्याचा जो ॲसिटोन असतो तो लावून पाहण्याची पुष्कळांना हौस असते. तो कांहीं प्लास्टिकें विरघळवितो हें खरें; पण पिशवीच्या पॉलिथिनला किंवा रेनकोटाच्या नायलॉनला तो विरघळवीत नाहीं. काळ्या नळीचा रंग मात्र तो सैल करूं शकतो. शिवाय त्याची वाफ चटकन् पेट घेते. पेट्रोल तर त्याहूनहि धोक्याचें. त्याची वाफ शून्याखालीं चाळीस अंशांच्या कडक थंडींतहि पेट घेण्याइतकी जमते, मग तापलेल्या इंजिनाशेजारीं काय होईल, याची कल्पना आपणच करावी. ओव्हन साफ करण्याच्या पुष्कळ द्रावणांत कास्टिक सोडा असतो. तो इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागांना खातो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टि धोक्यांत येते. थोडक्यांत म्हणजे ज्या कामाला ऊब आणि बांबूची कामटी पुरते, त्या कामाला बाटल्या उघडण्याचें प्रयोजन नाहीं.

श्रोतेहो, एवढ्यानें नळी स्वच्छ होईल. पण डाग पुसला म्हणजे त्यानें दिलेला इशाराहि पुसून टाकावा असें नाहीं. ज्या जागेला रेनकोटाची किनार टेंकली, त्याच जागेला उद्यां मागें बसलेल्या मुलाची उघडी पोटरी टेंकूं शकते. प्लास्टिकाला वितळविणारी उष्णता कातडीला सोडीत नाहीं. मुलाला नेहमीं ज्या बाजूला सायलेन्सर नाहीं त्या बाजूनेंच चढण्या-उतरण्याची संवय लावावी. आणि गाडी उभी करतांना तापलेली नळी मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेकडे येणार नाहीं असें पाहावें. पोळलेंच तर त्यावर बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई न लावतां ती जागा वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरावी आणि भाजणें मोठें असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावें. प्लास्टिक वितळून कातडीला चिकटलें असेल तर तें ओढून काढूं नये. वर सांगितलेली कामटीची कृति धातूसाठीं आहे, माणसासाठीं नव्हे. तें काम डॉक्टरांचें.

त्याचप्रमाणें जो सोगा नळीपर्यंत पोंचला, तो सांखळीपर्यंत आणि चाकाच्या आऱ्यांपर्यंतहि पोंचूं शकतो. साडीचा पदर, ओढणी आणि सैल रेनकोट चाकांत गुरफटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतों. त्यांतील वेदना बातमीच्या चार ओळींत मावत नाहीं. म्हणून लांब झग्यासारख्या रेनकोटाऐवजीं सदरा व विजार असा दोन भागांचा रेनकोट घ्यावा, पदर व ओढणी खोंचून बसावें, मागच्या चाकाजवळची साडी-संरक्षक जाळी शोभेची अडगळ म्हणून काढून टाकूं नये, आणि पिशवी हँडलला न अडकवितां पाठीवर घ्यावी. गाडीवर आच्छादन घालण्यापूर्वीं तीच थेंबाची परीक्षा उपयोगी पडते: थेंब चर्र करून उडून न जातां तसाच राहिला, तरीहि आणखी अर्धा तास जाऊं द्यावा.

वस्तु बिघडली म्हणजे तिच्यावर जोर करावा असें मनाला वाटतें. आणि ती कशानें बिघडली, हें आधीं पाहावें असें बुद्धि सांगते. ज्या घरांत मुलें ही दुसरी संवय डोळ्यांनीं पाहतात, त्या घरांत नुसती नळीच नव्हे, तर आणखीहि पुष्कळ कांहीं शाबूत राहतें.